‘ड’ जीवनसत्त्वाचे कोणते रूप किती घातक? तुलना करण्याची रीत

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधाच्या खोक्यावर आणि जाहिरातीत ‘व्हिटॅमिन डी’ हे एकच नाव दिसते. प्रत्यक्षात त्या नावाखाली निदान सहा-सात वेगळे रेणू मिळतात. त्यांतल्या एकाचे १,५०० मायक्रोग्रॅम आठवड्यातून एकदा, काही आठवडे घेतले तरी बहुतेकांना काही होत नाही. दुसऱ्याचे रोजचे २-३ मायक्रोग्रॅम रक्तातले कॅल्शियम धोक्याच्या पातळीला नेऊ शकतात. म्हणून ‘किती घेतले की विषबाधा होते?’ या प्रश्नाला एकच आकडा पुरत नाही. आधी रूप कोणते ते पाहायचे, मग मात्रा, मग ते अंगात किती काळ टिकते ते. हा क्रम उलटा झाला की तुलना हमखास चुकते.

पायरी १ : खोक्यावरचे छोटे नाव वाचा

मोठ्या अक्षरांतले नाव सोडा. घटकांच्या यादीत पुढीलपैकी काय लिहिले आहे ते शोधा.

कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे डी३. आपल्या त्वचेत उन्हाने तयार होते तेच हे. अर्गोकॅल्सिफेरॉल म्हणजे डी२. ते यीस्ट आणि अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडून बनते. ही दोन्ही कच्चा माल आहेत. जशी गिळली तशी ती जवळजवळ निष्क्रिय असतात.

कॅल्सिफेडिऑल (२५-हायड्रॉक्सी डी३, काही ठिकाणी कॅल्सिडिऑल) हे अर्धवट तयार रूप. यकृतात व्हायचे काम त्यावर आधीच झालेले असते.

अल्फाकॅल्सिडॉलवर मूत्रपिंडात व्हायचे काम आधीच झालेले असते, यकृतातले बाकी असते. जुन्या औषधांतले डायहायड्रोटॅकिस्टेरॉलही मूत्रपिंडावाचून चालते, कारण त्याच्या रेणूतले एक वलय फिरलेले असते आणि त्यामुळे मूत्रपिंडाने जोडायचा गट आधीच योग्य जागी आलेला असतो.

कॅल्सिट्रायॉल हे पूर्ण तयार संप्रेरक. त्याला काहीच व्हायचे बाकी नाही. सोरायसिसच्या मलमातले कॅल्सिपोट्रायॉल हा त्याचाच बदललेला भाऊबंद. तो रक्तात पोचला की फार लवकर मोडतो, म्हणून त्वचेवर वापरता येतो.

नावे सारखी वाटतात आणि घोटाळा तिथेच होतो. ‘कॅल्सिफेडिऑल’ आणि ‘कॅल्सिफेरॉल’ यांत ऐकताना दोन अक्षरांचा फरक आहे. अंगात गेल्यावर तो कित्येक पटींचा होतो.

पायरी २ : कोणते रूप कोणता लगाम ओलांडते ते पाहा

लगाम म्हणजे रेणू कामाला लागण्याआधी शरीर त्याला जिथे अडवते ती जागा. सगळी तुलना या पायरीवर उभी आहे, म्हणून इथे घाई नको.

डी३ पोटात गेले की आधी यकृतात जाते. तिथे त्याला २५ व्या जागी एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो. हा लगाम सैल आहे; जितका माल येईल तितका यकृत बहुतांशी पुढे ढकलते. मग मूत्रपिंडात १ल्या जागी दुसरा गट जोडला जातो आणि कॅल्सिट्रायॉल तयार होते. हा लगाम मात्र घट्ट आहे. पॅराथायरॉइड संप्रेरक, रक्तातले कॅल्शियम, फॉस्फेट आणि खुद्द कॅल्सिट्रायॉल हे सगळे मिळून तो आवळतात किंवा सोडतात. तिसरा लगाम म्हणजे सीवायपी२४ए१ नावाचे विकर (एन्झाइम). कॅल्सिट्रायॉल वाढले की हे विकरही वाढते आणि कॅल्सिट्रायॉल व २५-हायड्रॉक्सी रूप दोन्ही मोडून टाकते. याखेरीज रक्तात एक वाहक प्रथिन असते. ते या रेणूंना धरून ठेवते, आणि धरलेला रेणू पेशीत सहज शिरत नाही.

आता प्रत्येक रूप या वाटेवर ठेवून पाहा. डी२ आणि डी३ यांना तिन्ही लगाम लागू पडतात. कॅल्सिफेडिऑल यकृताचा लगाम ओलांडते, मूत्रपिंडाचा नाही. अल्फाकॅल्सिडॉल मूत्रपिंडाचा, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा लगाम ओलांडते. कॅल्सिट्रायॉल थेट कामाला लागते; त्याला फक्त मोडणारे विकर अडवते. जितके लगाम कमी, तितकी विषबाधेला लागणारी मात्रा लहान.

मग मूत्रपिंडाचा लगाम इतका घट्ट असताना डी३ ने विषबाधा होतेच कशी? कारण २५-हायड्रॉक्सी रूप अगदीच निरुपद्रवी नाही. पेशीतल्या ग्राहीला, म्हणजे ज्याला चिकटून हे रेणू आपले काम करतात त्याला, ते कॅल्सिट्रायॉलपेक्षा कितीतरी कमकुवत चिकटते, पण रक्तात त्याचे प्रमाण नेहमीच सुमारे हजारपट असते. ते आणखी कित्येक पटींनी वाढले की दोन गोष्टी घडतात. ते स्वतःच ग्राहीला चिकटू लागते, आणि वाहक प्रथिनावरची जागा बळकावून कॅल्सिट्रायॉलला मोकळे करते. म्हणजे मूत्रपिंड दार बंद करून बसले तरी पूर भिंतीवरून आत येतो. डी३ च्या विषबाधेत कॅल्सिट्रायॉलची पातळी पुष्कळदा नेहमीसारखी किंवा जेमतेम वाढलेली दिसते ती यामुळेच.

उन्हाने विषबाधा का होत नाही, हेही इथेच कळते. त्वचेत डी३ चे पूर्वरूप ठरावीक पातळीला पोचले की तेच ऊन त्याचे ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल या निष्क्रिय रूपांत रूपांतर करते. त्वचेचा हा लगाम तोंडावाटे घेतलेल्या गोळीला नसतो.

उलट टोकाचे उदाहरण गुरांमध्ये दिसते. सोलॅनम ग्लॉकोफायलम या दक्षिण अमेरिकेतल्या झुडपाच्या पानांत कॅल्सिट्रायॉल साखरेला जोडलेल्या रूपात असते. ते खाणाऱ्या गुरांच्या रक्तवाहिन्यांत आणि फुप्फुसांत चुना साचतो. अर्जेंटिनात या रोगाला ‘एन्तेके सेको’ म्हणतात. वनस्पतीतून आले म्हणून ते सौम्य होत नाही, कारण लगाम ओलांडूनच ते आत आलेले असते.

पायरी ३ : सगळे मायक्रोग्रॅममध्ये आणा

आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे आययू, हे फक्त डी२ आणि डी३ साठी वापरा. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू.

- ४०० आययू = १० मायक्रोग्रॅम
- ४,००० आययू = १०० मायक्रोग्रॅम
- ६०,००० आययू = १,५०० मायक्रोग्रॅम = १.५ मिलिग्रॅम

नवख्या माणसाची ठरलेली चूक अशी : कॅल्सिट्रायॉलची ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल पाहून तो ४० ने गुणतो आणि म्हणतो, ‘हे तर फक्त १० आययू!’ हा हिशोब निरर्थक आहे. आययू हे एकक कमतरतेच्या मुडदुसावर डी२-डी३ किती काम करतात त्यावरून ठरले. तयार संप्रेरकाला ते लावता येत नाही. कॅल्सिट्रायॉल आणि अल्फाकॅल्सिडॉल यांची तुलना त्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या मात्रेशीच करा. ती ०.२५ ते १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. त्याच्या तिप्पट-चौपट झाले की सावध व्हायचे.

कॅल्सिफेडिऑलसाठी गुणक वापरता येतो, पण तो एकच नाही. रक्तातली २५-हायड्रॉक्सी पातळी वाढवण्यात ते वजनाला वजन डी३ च्या साधारण तिप्पट प्रभावी ठरते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये अन्नपूरकांसाठी २.५ हा गुणक धरला. धोक्याचा अंदाज करताना ३ धरलेला बरा.

आता हे वापरून पाहू. स्पेनमध्ये २०१९ साली औषध नियामकाने इशारा दिला होता. तिथे ०.२६६ मिलिग्रॅमच्या कॅल्सिफेडिऑल कॅप्सूल आठवड्याला किंवा महिन्याला एक अशा घ्यायच्या असताना काही रुग्णांनी त्या रोज घेतल्या आणि रक्तातले कॅल्शियम गंभीर वाढले. २६६ मायक्रोग्रॅम गुणिले ३ म्हणजे सुमारे ८०० मायक्रोग्रॅम डी३, म्हणजे रोज ३२,००० आययू. खोक्यावरचा ‘०.२६६’ हा आकडा दिसायला किती किरकोळ आहे! दशांश चिन्ह आणि ‘मिलिग्रॅम’ हा शब्द, दोन्ही बोट ठेवून वाचायचे ते यासाठी. मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम समजले की हजारपटीची चूक होते.

थेंबांच्या औषधांत आणखी एक खाच आहे. एका बाटलीत ४०० आययू १ मिलिलिटरमध्ये असतात, दुसरीत तेवढेच एका थेंबात. दुसऱ्या बाटलीतून पहिलीच्या सवयीने १ मिलिलिटर दिले तर बाळाला एका वेळी दहा हजार आययूंच्या घरात मात्रा जाते. बाटली बदलली की ‘प्रति थेंब’ की ‘प्रति मिलिलिटर’ हे नव्याने वाचा, आणि ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरा.

लेबलवर आंधळा विश्वासही नको. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत डी३ च्या अन्नपूरक गोळ्यांत लिहिलेल्या प्रमाणाच्या ९ टक्क्यांपासून १४६ टक्क्यांपर्यंत माल सापडला. त्याहून भयंकर प्रकार दुधात घडला आहे : मॅसॅच्युसेट्समधल्या एका डेअरीच्या दुधात एका क्वार्टला, म्हणजे सुमारे ९५० मिलिलिटरला, ४०० आययू असायला हवे होते, काही नमुन्यांत २,३०,००० हून अधिक निघाले. ही नोंद १९९२ ची. तिथल्या रुग्णांना विषबाधा दुधातून झाली होती.

पायरी ४ : वेग आणि मुक्काम वेगवेगळे मोजा

‘जास्त घातक’ या शब्दांत दोन गोष्टी मिसळतात. किती लहान मात्रेत आणि किती लवकर त्रास होतो ही एक. सुरू झालेला त्रास किती दिवस पाठ सोडत नाही ही दुसरी. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या रूपांत या दोन्ही बहुतेक वेळा उलट दिशेला जातात.

कॅल्सिट्रायॉल : रक्तातले अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ, साधारण ५ ते ८ तास. कॅल्शियम एक-दोन दिवसांतच चढू शकते. पण औषध थांबवले की बहुधा २ ते ७ दिवसांत उतरते.

अल्फाकॅल्सिडॉल : यकृतात लगेच कॅल्सिट्रायॉल होते, म्हणून वेग जवळपास तोच. उतरायला काही दिवस ते आठवडा.

डायहायड्रोटॅकिस्टेरॉल : एक ते तीन आठवडे.

कॅल्सिफेडिऑल : अर्धायुष्य सुमारे दोन ते तीन आठवडे. थांबवल्यावरही कित्येक आठवडे परिणाम राहतो.

डी२ आणि डी३ : त्रास सुरू व्हायला बहुधा आठवडे-महिने लागतात, कारण माल आधी चरबीत साठतो. पण तीच चरबी पुढे महिनोन्महिने तो हळूहळू सोडत राहते. गोळ्या बंद करून दोन महिने झाले तरी कॅल्शियम पुन्हा वर जाऊ शकते.

म्हणून एका वेळच्या अपघाती मात्रेत कॅल्सिट्रायॉल जास्त भीतीदायक आणि महिन्यांच्या निष्काळजीपणात डी३ जास्त चिवट, असा निवाडा करावा लागतो.

पायरी ५ : डी२ की डी३?

लेबलवर दोघांचे आययू सारखे लिहिले जातात, पण माणसात दोन्ही सारखी वागत नाहीत. डी३ रक्तातली २५-हायड्रॉक्सी पातळी जास्त वाढवते आणि जास्त काळ टिकवते. मोठ्या एकरकमी मात्रेत हा फरक ठळक दिसतो. डी२ पासून बनलेली रूपे वाहक प्रथिनाला सैल चिकटतात आणि लवकर निघून जातात. रीसस माकडांवर १९७२ मध्ये झालेल्या तुलनेत डी३ डी२ पेक्षा जास्त विषारी ठरले. घोड्यांतही तसेच आढळले आहे.

यावरून ‘डी२ सुरक्षित आहे’ असे मात्र मुळीच म्हणू नका. १९३० आणि १९४० च्या दशकांत संधिवातासाठी डी२ च्या रोज दोन-तीन लाख आययूंच्या मात्रा दिल्या गेल्या आणि त्यातून गंभीर विषबाधा झाल्या. दोघांमधला फरक काही पटींचा आहे. कॅल्सिट्रायॉलशी असलेला फरक शेकडो पटींचा. आधी तो मोठा फरक पाहा.

प्राण्यांवरचे आकडे वाचतानाही जपून. उंदरांत निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा डी२ आणि डी३ साठी किलोमागे दोन आकडी मिलिग्रॅमांच्या घरात येते, कॅल्सिट्रायॉलसाठी १ मिलिग्रॅमच्याही खाली. हे आकडे क्रम दाखवतात, माणसाची सुरक्षित सीमा नाही. कोंबड्यांना तर डी२ नीट वापरताच येत नाही. कुत्र्यांची संवेदनशीलता वेगळीच : सोरायसिसच्या मलमाची ६० ग्रॅमची नळी, ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम कॅल्सिपोट्रायॉल. १० किलोच्या कुत्र्याने ती चावून खाल्ली तर किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम झाले. शंभराच्या आतही कुत्रे दगावल्याच्या नोंदी आहेत. घरात कुत्रा असेल तर ही नळी कपाटात बंद हवी.

पायरी ६ : सीमा कुठल्या रूपाची आहे ते तपासा

प्रौढांसाठी रोजची वरची सीमा ४,००० आययू, सहा महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी १,०००, सहा ते बारा महिन्यांसाठी १,५००, एक ते तीन वर्षांसाठी २,५०० आणि चार ते आठ वर्षांसाठी ३,००० आययू. हे उत्तर अमेरिकेच्या मार्गदर्शनातले आकडे आहेत आणि ते डी२-डी३ चे आहेत. वैद्यकीय देखरेखीविना दीर्घकाळ घ्यायची ही मर्यादा आहे. तिच्यापलीकडे पाऊल पडताच विषबाधा होते असे नाही. डी३ ची उघड विषबाधा बहुधा रोजच्या १०,००० आययूंच्या बऱ्याच वर, महिनोन्महिने घेतल्यावर दिसते.

एकरकमी मोठ्या मात्रेकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहा. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० आययू डी३ देऊन पाहिले. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले. कॅल्शियम वाढले नाही म्हणजे अपाय झाला नाही, असे समजू नये.

पायरी ७ : योग्य तपासणी मागा

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल घेणाऱ्याची २५-हायड्रॉक्सी ‘ड’ तपासणी केली, ती नेहमीसारखी आली, आणि ‘विषबाधा नाही’ असे ठरवले. ही तपासणी ती रूपे मोजतच नाही! उलट डी२, डी३ आणि कॅल्सिफेडिऑलसाठी हीच तपासणी खरी. डी२ घेणाऱ्यांत आणखी एक अडचण येते : काही प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या डी२ चे रूप कमी मोजतात, म्हणून शंका असल्यास मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूच्या वजनावरून, मोजणारी प्रयोगशाळा निवडा.

एककही पाहा. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे २.५ नॅनोमोल प्रति लिटर. १५० नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ३७५ नॅनोमोलच्या वर विषबाधेची शक्यता खरी ठरू लागते. पण १०० नॅनोग्रॅमच्या वर जाताच मात्रा थांबवून विचार करावा. अहवालात ‘१५०’ दिसले आणि एकक नॅनोमोल असेल तर ती ६० नॅनोग्रॅमची साधी पातळी आहे.

कुठलेही रूप असो, निर्णायक असते ते कॅल्शियम. रक्तातले कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते; १४ च्या वर तातडीची अवस्था. अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारे रक्तातले प्रथिन, ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) कमी असेल तर आकडा दुरुस्त करून घ्या : ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा आणि मूळ आकड्यात मिळवा. कॅल्शियम १०.४ आणि अल्ब्युमिन ३ असेल तर खरे कॅल्शियम ११.२ आहे. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), फॉस्फेट आणि पॅराथायरॉइड संप्रेरक पाहायचे. विषबाधेत हे संप्रेरक दबलेले असते. ते वाढलेले निघाले तर कॅल्शियम वाढण्याचे कारण दुसरीकडे शोधा. लघवीतले कॅल्शियम रक्तातल्याच्या आधी वाढते, म्हणून लवकर कळायचे असेल तर २४ तासांच्या लघवीची तपासणी उपयोगी. कॅल्सिट्रायॉलची मात्रा बसवताना सुरुवातीला आठवड्यातून किमान दोनदा रक्तातले कॅल्शियम पाहायचे असते.

पायरी ८ : घेणारा माणूस कोण?

काहींचे लगाम जन्मतः किंवा आजारामुळे तुटलेले असतात. सीवायपी२४ए१ या विकरातच दोष असलेल्या बाळांना मुडदूस टाळण्याच्या नेहमीच्या मात्रेनेही कॅल्शियम चढते. हे कारण २०११ मध्ये उलगडले. सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी होण्याचा आजार), क्षयरोग आणि काही लिम्फोमांत (लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत) मूत्रपिंडाबाहेरच्या पेशी स्वतः कॅल्सिट्रायॉल बनवतात आणि त्यांना पॅराथायरॉइडचा लगाम लागत नाही. अशांसाठी डी३ सुद्धा कॅल्सिट्रायॉलसारखे वागू शकते. थायझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या कॅल्शियम अडवून धरतात. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांत वाढलेले कॅल्शियम हृदयाच्या ठोक्यांना धोक्याचे. कॅल्शियमच्या गोळ्या सोबत असतील तर कोणत्याही रूपाची सुरक्षित सीमा खाली सरकते.

पायरी ९ : मात्रा जास्त गेली असेल तर

लक्षणे सगळ्या रूपांत सारखीच : मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, थकवा, गोंधळलेपणा, पुढे मूतखडे आणि मूत्रपिंड निकामी होणे. लक्षणांवरून रूप ओळखता येत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना सगळी खोकी, बाटल्या आणि मलमे बरोबर न्या.

‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही लगेच बंद करायचे, पण डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी दिलेले कॅल्सिट्रायॉल असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवून. रुग्णालयात आधी शिरेतून सलाइन देऊन शरीरातले पाणी भरून काढतात. लूप गटातली लघवीची औषधे त्यानंतरच. पाणी कमी असताना ती दिली तर कॅल्शियम आणखी वाढते. कॅल्सिटोनिन हे कॅल्शियम उतरवणारे संप्रेरक झटपट पण थोड्या दिवसांपुरते काम करते. स्टेरॉइड आतड्यातले कॅल्शियमचे शोषण कमी करतात आणि क्षय-सारकॉइडोसिसमधले कॅल्सिट्रायॉल बनणेही दाबतात. डी३ किंवा कॅल्सिफेडिऑलच्या दीर्घ विषबाधेत हाडांतून निघणारे कॅल्शियम रोखण्यासाठी पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट देतात.

घरी सोडल्यानंतरची तपासणी रूपावर ठरते. कॅल्सिट्रायॉलमध्ये आठवडाभर कॅल्शियम नीट राहिले की बहुधा पुरते. डी३ मध्ये रुग्णालयातला आकडा उतरलेला असला तरी चरबीतला साठा शिल्लक असतो. सुरुवातीला दर आठवड्याला, मग २५-हायड्रॉक्सी पातळी १०० नॅनोग्रॅमखाली येईपर्यंत अंतर वाढवत कॅल्शियम तपासत राहा. तोवर ‘ड’ असलेले कोणतेही मल्टिव्हिटॅमिन किंवा पोषक पावडर सुरू करू नका.